आंग्र्यांचा दुसरा भाग

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या चित्रपटमालिकेचा तिसरा भाग २००७ साली आला. त्यात एक दरबार भरतो. जगभरच्या समुद्रांवरचे नऊ चाचे-सरदार फुटक्या जहाजांच्या लाकडांतून उभारलेल्या एका वस्तीत जमतात. कोणी चिनी, कोणी फ्रेंच, कोणी स्पॅनिश. त्यांत एक दाढीवाला, पागोटेवाला, भरजरी पोशाखातला गृहस्थ बसलेला असतो. तो स्वतः काही बोलत नाही, त्याचे म्हणणे त्याचे सेवक मोठ्या आवाजात दरबाराला सांगतात. शेवटी एकदाचा तो तोंड उघडतो, तेव्हा त्या भरभक्कम देहातून अगदी चिरका, किनरा आवाज येतो आणि चित्रपटगृहात हशा पिकतो. झाले, त्याचे काम संपले. हा हिंदी महासागराचा चाचे-सरदार. इराणमध्ये जन्मलेल्या मार्शल मनेश या अमेरिकी नटाने ही भूमिका केली आहे आणि पात्राचे नाव आहे ‘श्री सुंभाजी आंग्रिया’.

सुंभाजी आंग्रिया म्हणजे आपले संभाजी आंग्रे. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे चिरंजीव.

हे चित्रपट आता टीव्हीवर वारंवार लागतात. आमच्या इमारतीतला एक सातवीतला मुलगा तिसरा भाग बघून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, हा संभाजी म्हणजे आपले संभाजी महाराज का?” मी नाही म्हटले. मग त्याने विचारले, “मग हा कोण? आणि हा खरंच चाचा होता का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत संपले. दुसऱ्याला मात्र बराच वेळ लागला, आणि हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नातूनच निघाला आहे.

आधी एक सांगतो. या चित्रपटावर माझा राग नाही. डिस्नेच्या करमणूक-उद्यानातल्या एका सफरीवरून सुचलेली ही परीकथा आहे. तिच्यात सांगाडे तलवारी चालवतात, माशाच्या तोंडाचे खलाशी पाण्याखालून जहाज वर काढतात आणि जॉनी डेपचा जॅक स्पॅरो सदैव झिंगल्यासारखा चालतो. लहानपणी बर्ट लँकेस्टरचा ‘क्रिमसन पायरेट’ पाहिलेल्या माझ्यासारख्याला डोलकाठीवरून दोरीला लोंबकळत शत्रूच्या जहाजावर उडी मारणारा नायक आजही आवडतो. दुसरा भाग, म्हणजे २००६ सालचा ‘डेड मॅन्स चेस्ट’, मला तर पहिल्यापेक्षाही रंगतदार वाटला. पाणचक्कीचे चाक सुटून रानातून घरंगळत चालले आहे आणि त्या चाकावर तिघांची तलवारबाजी चालली आहे, हे ज्याला सुचले त्याला दाद दिलीच पाहिजे. शिवाय या मालिकेत खलनायक कोण, तर ईस्ट इंडिया कंपनी! तिसऱ्या भागाची सुरुवातच कंपनीच्या हुकमाने रांगेने फासावर चढणाऱ्या माणसांनी होते. त्यांत एक लहान पोरही असते. तेव्हा आंग्र्यांना तिथे चाच्यांच्या पंगतीला बसवले असले, तरी ती पंगत कथेतल्या चांगल्या बाजूची आहे. चीनमध्ये याच भागातल्या चिनी सरदाराच्या प्रसंगांना सेन्सॉरने मोठी कात्री लावली होती. तसले काही आपण करावे असे मी चुकूनही म्हणणार नाही.

मग अडते कुठे? दुसऱ्या भागातच एक प्रसंग आहे, त्यापासून सुरुवात करू. कंपनीचा लॉर्ड बेकेट नायकाला एक कागद दाखवतो. इंग्लंडच्या राजाच्या नावाने दिलेला तो परवाना. जॅक स्पॅरोने तो घेतला की तो चाचा उरणार नाही, सरकारमान्य लुटारू होईल. जहाज तेच, तोफा त्याच, धंदाही तोच. कागद खिशात आला की तो गुन्हा राहात नाही. चित्रपट पाहताना हा प्रसंग पटकन निघून जातो. वसईच्या माणसाला मात्र तो ओळखीचा वाटला पाहिजे. कारण हा कागदाचा खेळ आमच्या किनाऱ्यावर अडीचशे वर्षे चालला होता.

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि पुढे ती त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. पोर्तुगिजांचा कायदा असा, की या समुद्रात फिरणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे त्यांचा ‘कार्ताझ’ हवा. कार्ताझ नसेल तर जहाज जप्त. हा समुद्र त्यांच्या मालकीचा कधी झाला, हे कोणी विचारायचे नाही. पुढे इंग्रजांनीही आपले परवाने काढले. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर १६५७नंतर तिथे जहाजे बांधायला सुरुवात केली, तेव्हा पोर्तुगिजांच्या पोटात गोळा उठला तो यामुळेच. कल्याणच्या खाडीतून समुद्रात यायचे तर पोर्तुगिजांच्या नजरेखालूनच यावे लागे. एका काठाला वसई आणि दुसऱ्या काठाला साष्टी, दोन्ही त्यांचीच. महाराजांच्या त्या पहिल्या जहाजांच्या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसे होती. वसईच्या कप्तानाने त्यांना समजावून, फितवून काम सोडायला लावले. मराठी आरमाराला पहिला अपशकुन केला तो आमच्या वसईने, असे म्हटले तरी चालेल. पण आरमार थांबले नाही.

कान्होजी आंग्र्यांनी वेगळे काय केले? त्यांनी आपला ‘दस्तक’ सुरू केला. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग हे जलदुर्ग हाताशी असलेला मराठी राज्याचा सरखेल म्हणाला, की या पाण्यातून जाणाऱ्याने आमचा परवाना घ्यावा. पोर्तुगीज आणि इंग्रज नेमके हेच करीत होते. फरक एवढाच, की कान्होजींचा किनारा कान्होजींच्या राज्याचा होता. इंग्रजांनी दस्तक घ्यायचे नाकारले आणि कान्होजींनी त्यांची जहाजे धरली, म्हणून त्यांच्या कागदोपत्री कान्होजी ‘पायरेट’ ठरले. १७३७ साली क्लेमेंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने या लढायांवर पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच ‘अँग्रिया द पायरेट’ असा शिक्का मारलेला आहे. तो शिक्का त्यानंतर पुसला गेला नाही. २००७ सालच्या चित्रपटाने तो फक्त रंगीत करून दाखवला.

कान्होजींच्या पराक्रमाची ही कथा आपल्याला थोडीफार ठाऊक असते. १७१७ मध्ये इंग्रज विजयदुर्गावर आले, परतले. १७१८ मध्ये खांदेरीवर आले, परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून, इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे घेऊन, कुलाब्यावर आले आणि तेव्हाही हात हलवीत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. त्यांच्या हयातीत त्यांचे आरमार कोणाला मोडता आले नाही. मुंबईत नौदलाच्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे, अलिबागला त्यांची समाधी आहे. हा झाला पहिला भाग. तो सांगायला आपल्याला आवडते, आणि का आवडू नये?

आपली गाडी अडते ती दुसऱ्या भागाशी. मुलांच्या भागाशी.

कान्होजींनंतर थोरला सेखोजी सरखेल झाला, पण चार वर्षांत तोही गेला. मग संभाजी आणि मानाजी यांच्यात जुंपली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मध्यस्थी करून वाटणी केली. मानाजीला कुलाबा, संभाजीला विजयदुर्ग आणि सरखेलपद. भाऊबंदकी मिटवण्याचा हा आपला जुना उपाय. एका आरमाराची दोन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संभाजीने कंपनीचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज लढून पकडले. त्यात सोने होते आणि लढाऊ सामानही. चित्रपटातला तो किनऱ्या आवाजाचा गृहस्थ हाच! पण १७४० मध्ये याच संभाजीने भावाच्या कुलाब्यावर चाल केली आणि मानाजीच्या मदतीला पेशव्यांबरोबर इंग्रजही धावून आले. ज्यांना बापाने तीनदा परतवले, त्यांना मुलाने दाराशी बोलावले.

मधल्या काळात वसई झाली. चिमाजीअप्पांची ही मोहीम १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षे चालली. अर्नाळा १७३७ मध्येच मराठ्यांनी घेतला आणि तिथे बाजीरावांनी नवा किल्ला बांधवला. विरारहून अर्नाळ्याला जाऊन होडीने बेटावर उतरलात तर त्याच्या दरवाजावरचा शिलालेख आजही दिसतो. मानाजी आंग्रे या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने होता. १७३९च्या मे महिन्यात सुरुंगांनी वसईचे बुरूज उडाले आणि पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. चिमाजीअप्पांनी त्यांना शस्त्रांसह, सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. या अटींचा उल्लेख वसईत तरी मुद्दाम करावासा वाटतो. इथे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाचे पूर्वज तटाबाहेरून लढले असतील आणि दुसऱ्याचे पूर्वज किल्ल्यातल्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसले असतील. आपल्याकडचा एखादा चित्रपट उद्या हे प्रसंग घेईल तेव्हा यातल्या एकालाच ‘आपला’ आणि दुसऱ्याला ‘परका’ करून टाकील, ही भीती मला हॉलिवुडच्या थट्टेपेक्षा अधिक वाटते.

असो. संभाजीमागे विजयदुर्ग तुळाजीकडे आला. तुळाजी हा भावांमध्ये सर्वांत धाडसी आणि सर्वांत न ऐकणारा. पेशव्यांची सत्ता तो मानीत नव्हता, खंडणी देत नव्हता, मराठी मुलखातच धामधूम करीत होता. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. राज्य चालवणाऱ्याला असा सरदार परवडत नाही. पण त्याला आवरायला त्यांनी ज्याचा हात धरला तो हात कंपनीचा होता. १७५५ मध्ये करार झाला आणि एप्रिलात कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. १७५६च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन समुद्रातून आणि पेशव्यांची फौज जमिनीवरून विजयदुर्गापुढे उभी राहिली. इंग्रजांच्या पायदळाचा सेनापती होता रॉबर्ट क्लाइव्ह.

१२ फेब्रुवारीला तोफा सुरू झाल्या. इंग्रजांचा एक तोफगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांकडचेच, आंग्र्यांनी पकडून आपल्या ताफ्यात घेतलेले. त्याने पेट घेतला. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून उभी होती. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि काही तासांत सगळे आरमार जळाले. कान्होजींनी उभे केलेले, तीन स्वाऱ्या पचवलेले आरमार. तुळाजी पेशव्यांच्या स्वाधीन झाला आणि उरलेले आयुष्य त्याने कैदेत काढले.

आता यातली खरी गंमत. किल्ला पडण्याआधीच, मुंबईहून निघतानाच, इंग्रज अधिकाऱ्यांनी आपापसांत ठरवून टाकले होते की लूट फक्त आपल्यात वाटायची, मराठ्यांना काही द्यायचे नाही. पेशव्यांची माणसे आत शिरू नयेत म्हणून त्यांनी घाईने किल्ला ताब्यात घेतला. सुमारे दहा लाख रुपये रोख सापडले. कोणाचा वाटा किती, यावरून वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या बाजूंत कुरबूरही झाली. एवढे करून चाचे कोण, तर आंग्रे! जॅक स्पॅरोच्या जहाजावर ही वाटणी दाखवली असती तर प्रेक्षक हसले असते. कबूल केलेला विजयदुर्ग इंग्रजांनी ऑक्टोबरपर्यंत सोडला नाही, आणि सोडला तो बाणकोट स्वतःकडे ठेवूनच.

क्लाइव्ह आणि वॉटसन इथून बंगालकडे गेले आणि पुढच्याच वर्षी प्लासी झाली. विल्यम जेम्सच्या बायकोने नवऱ्यामागे १७८४ साली लंडनच्या शूटर्स हिलवर एक त्रिकोणी मनोरा उभारला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’, म्हणजे आपला सुवर्णदुर्ग. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुटीच्या दिवशी मुलांना तिकडे जरूर न्यावे.

मराठी आरमार त्या आगीत कायमचे संपले असे नाही. पेशव्यांनी विजयदुर्गावर धुळपांना नेमले आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडून दाखवले. पण इंग्रजांच्या वाटेत आडवे उभे राहील असे बळ पुन्हा पाण्यावर उभे राहिले नाही. १८०२ मध्ये होळकरांकडून पराभूत झालेले दुसरे बाजीराव, नानासाहेबांचे पुतणे, कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी जो तह केला त्यानंतर पेशवाई नावापुरती उरली. ज्या वसईत चिमाजीअप्पांनी युरोपियनांना जहाजात बसवून घालवले, त्याच वसईत त्रेसष्ट वर्षांनी पेशवे युरोपियनांच्या जहाजातून उतरले.

हा दुसरा भाग आपण सांगत नाही. आपले ऐतिहासिक चित्रपट गड चढतात, खिंड लढवतात, आणि ते पाहायला मलाही आवडते. पण मराठी माणूस समुद्रावर लढला हे दाखवणारा, मनात घर करून राहिलेला एकही चित्रपट मला आठवत नाही. पैसा नाही, हे कारण नेहमी दिले जाते. ते काही अंशी खरे आहे, पाण्यावर चित्रीकरण महाग पडते. पण २०१८ साली हिंदीत ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ आला तेव्हा पैसा भरपूर होता. अमिताभ बच्चन, आमिर खान, कंपनीविरुद्ध लढणारे बंडखोर, आणि माल्टा बेटावर जाऊन बांधलेली दोन भली मोठी जहाजे. चित्रपट साफ आपटला. कारण त्यात जॅक स्पॅरोची नक्कल होती आणि किनारा कुठलाच नव्हता. राज्य कल्पनेतले, माणसे कल्पनेतली. अर्नाळ्यापासून मालवणपर्यंत खरीखुरी गोष्ट पडलेली असताना!

मला वाटते, खरे कारण दुसरेच आहे. पहिल्या भागात खलनायक गोरा आहे. दुसऱ्या भागात तो गोरा आहेच, पण त्याला आत घेणारे हात आपले आहेत आणि त्या हातांचीही काही बाजू आहे. असा चित्रपट काढला तर आंग्र्यांचे अभिमानी रागावतील, पेशव्यांचे अभिमानी रागावतील, आणि पोस्टरवर कोणाचा चेहरा लावायचा हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून आपण पहिल्या भागाच्या शेवटी टाळ्या वाजवून उठतो, आणि संभाजी आंग्रे कॅलिफोर्नियातल्या लेखकांच्या हाती जातो. ते त्याला वाटेल तो आवाज देणारच.

त्या गोष्टीत दाखवण्यासारखे काय काय आहे! गलबते उथळ पाण्यात चालत, त्यांना वल्ही असत, त्यामुळे वारा पडला तरी ती थांबत नसत. वारा पडला की इंग्रजांचे अवजड जहाज जागीच डोलत राही. मग गलबतांनी गुराबांना दोरांनी ओढत न्यायचे, शत्रूच्या पिछाडीला आणायचे. जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागे अगदी थोड्या. गुराबेच्या नाळेवरच्या तोफांनी आधी त्याच्या डोलकाठ्या पाडायच्या आणि मग गलबतांतून तलवारी घेऊन चढायचे. दोरीला लोंबकळून मारलेल्या उड्या इथे खऱ्याच होत्या. वल्ह्यांवर आणि तोफांवर कोळी होते, भंडारी होते. त्यांची नावे इतिहासात नाहीत, त्यामुळे पटकथाकाराला मोकळीक पुष्कळ.

वसईचा किल्ला तर चित्रीकरणाला सरावलेला आहे. हिंदी गाण्यांत तो नाचून झाला. २०१६ साली आलेल्या कोल्डप्लेच्या एका गाण्यातही तो झळकला आणि जगभरच्या लोकांनी पाहिला. रविवारी तिथे गेलात तर चर्चच्या पडक्या कमानींखाली लग्न ठरलेल्या जोडप्यांचे फोटो निघत असतात. माझी त्यांच्याविषयी काही तक्रार नाही, कमानी सुंदरच आहेत. मात्र त्या कमानींपाशी आलेल्या एखाद्या मुलाला तट, बंदर आणि खाडीचे तोंड दाखवून ‘इथून जहाज असे आत आले’ म्हणून सांगायला फारसे कोणी पुढे होत नाही.

आणि जहाजांसाठी माल्टाला जायचे तर मुळीच कारण नाही. पावसाळ्यात पाचूबंदरला होड्या शाकारून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी चालते, फळ्या बदलतात, रंग चढतो. आंग्र्यांचे आरमारही पावसाळ्यात असेच किनाऱ्याला लागत असे. पटकथा लिहू पाहणाऱ्याने आधी तिथे जाऊन एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाशेजारी दोन दिवस बसावे, वारा पडला की काय करतात ते विचारावे, आणि मग विजयदुर्गाला जावे.